पिराजीला एकच चांदणी

आमच्या कसबा बावड्यात माणूस मोठा की छोटा, हे त्याच्या उसावरून किंवा नोकरीवरून कुणी ठरवत नाही. चौकातल्या डिजिटल बोर्डावर त्याचं तोंड केवढं आलंय, त्यावरून ठरतं. आणि ही तोंडं लहानमोठी करायचं काम आमच्याच घरात चालतं. माझा भाऊ अमरसिंह फ्लेक्स छापतो. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचा बैल शर्यतीत पहिला, कुणाचं पोरगं दहावीला काठावर पास, सगळ्याचे बोर्ड आमच्याकडून बाहेर पडतात.

मी क्रांती. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "मी आलो" गेलं की तिकडची मंडळी हसतात; त्यांना काय माहीत, आमच्याकडे बायकाही आलो-गेलोच म्हणतात. उरलेल्या वेळात मी आणि जगभर पसरलेली माझ्यासारखीच काही रिकामटेकडी माणसं मिळून एक लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आयती वापरता येते ती. तिचं काम एकच. संगणकात हजारो फायली असतात, त्यांतल्या हव्या त्या पत्त्यावरच्या फायली हुडकून द्यायच्या. पत्ता पूर्ण माहीत नसला तरी चालतं. जिथे माहीत नाही तिथे चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकायची. घरात हे कुणालाच समजावता आलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगते, "पोरगी फायली हुडकती," आणि पाहुण्यांना वाटतं मी तहसील कचेरीत लागले.

आता भांडण सांगते, त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. माझे वडील पिराजी, आम्ही त्यांना आबा म्हणतो. हंबीरराव माझा मामा, आईचा एकुलता एक भाऊ आणि तालमीचा अध्यक्ष. राहतो दोन गल्ल्या सोडून. दोघे एकाच तांबड्या मातीत लोळून मोठे झाले, आणि त्या दोस्तीपोटीच मामाने आपली बहीण आबांना दिली. असं सगळं गोडीगुलाबीत चाललं असताना दोन वर्षांपूर्वी मामाच्या वाढदिवसाच्या बोर्डावर आबांचं तोंड तिसऱ्या ओळीत आलं. तेही सुपारीएवढं. वरच्या ओळीत मामाचा पोरगा राजवर्धन होता, ज्याला मिसरूड फुटून महिना झाला नव्हता, आणि तो नारळाएवढा.

बोर्ड अमरसिंहने केला होता, पण आकार सांगितले होते कृष्णातने. कृष्णात म्हणजे मामाचा उजवा हात. मामाला जे सुचत नाही ते त्याला सुचतं, आणि बहुतेक वेळा ते न सुचलेलंच बरं असतं.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सात-आठ माणसं घेऊन तालमीतून बाहेर पडले आणि कारखान्याच्या रस्त्यावरच्या कट्ट्यावर पिराजी गट स्थापन झाला. गटाचं कार्य म्हणजे सकाळ-संध्याकाळ चहा पिणं आणि हंबीररावांना नावं ठेवणं. आबांनी शपथ घेतली की ह्या घरातलं कुणी त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. मामाने तिकडून तशीच घेतली. शपथ घेताना आईला विचारावं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

तेव्हापासून दोन भाऊबिजा गेल्या. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. आमच्या आईचा भाऊ दोन गल्ल्यांवर धडधाकट बसून फराळ हाणत होता आणि ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळून आली. पहिल्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले होते. बिजेची ती नखाएवढी कोर कारखान्याच्या धुराड्याआड गेलेली, आणि ही बाई हातात ताट धरून तिला शोधत होती. मला तेव्हाच दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. वडील माणसं म्हणून हात आवरला. तिसरी भाऊबीज अशी जाऊ द्यायची नाही, एवढं मात्र ठरवून टाकलं. कसं, ते माहीत नव्हतं.

या वर्षी मामाची साठी, आणि तारीख नेमकी भाऊबिजेवर आली. कृष्णातचा हुकूम सुटला, बावड्याने बघितला नसेल एवढा बोर्ड पाहिजे. सायबांची, म्हणजे मामाची, झाडून सगळी माणसं पाहिजेत, पिराजीच्या गटातलं चिटपाखरू दिसता कामा नये. दिवाळीमुळे अमरसिंहला मान वर करायला सवड नव्हती. एकेक तोंड हाताने उचलून लावायचं म्हटलं तर गुढीपाडवा उजाडला असता.

"क्रांते," तो म्हणाला, "तुझं ते फायली हुडकायचं हितं चालतंय का गं?"

मी त्याचा संगणक उघडला आणि हसायलाच लागले. कोण कुणाचा माणूस, हे फोल्डरमध्ये फोल्डर घालून मांडून ठेवलं होतं. हंबीरराव नावाचं एक दांडगं फोल्डर. त्याच्या आत कृष्णात, राजवर्धन, असं प्रत्येकाचं वेगळं. त्याच्या आत त्या त्या माणसाचे फोटो: फेट्यातला, गॉगलमधला, कानाला मोबाइल लावून देशाची चिंता करणारा. कुणी गट बदलला की अमरसिंह त्याचं फोल्डर उचलून दुसरीकडे टाकतो. पण पिराजी नावाचं फोल्डर अजून हंबीररावच्याच पोटात होतं.

"हे हलवलं न्हाईस व्हय?"

"कशाला हलवू? दसऱ्यापतोर एक हुत्यात. आपल्यात कुणाचं भांडाण टिकलंय?"

"दोन दसरे गेले की."

"तिसऱ्याला हुतील."

पिराजीच्या आत त्यांच्या गटातल्या माणसांची एकेक फोल्डरं होती. आबांचे स्वतःचे फोटो मात्र कुठल्याच फोल्डरात नव्हते, पिराजीत शिरलं की समोरच उघड्यावर पडलेले. सख्ख्या बापाला वेगळं फोल्डर कशाला, असं अमरसिंहचं म्हणणं.

मी त्याला एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. त्यात दोनच ओळी भरायच्या, कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं. बाकी प्रत्येक माणसाचा ताजा फोटो उचलून ओळीत लावायचं काम प्रोग्रॅम करणार.

"आता चांदणी समजून घे," मी म्हणाले. "एक चांदणी म्हंजे पोस्टमन. दारात उभा ऱ्हातो, समोर दिसतील तेवढी माणसं बघतो, आतल्या खोलीत जात न्हाय. दोन चांदण्या म्हंजे आपली शेजारची ताई. दारातनं सोप्यात, सोप्यातनं माजघरात, तितनं परड्यात. डब्यात काय हाय ते बी झाकण काढून बघून येणार."

"मग सगळीकडं ताईच लावू की."

"लाव."

आणि त्याने दोन ओळी टाइप केल्या, अगदी बरोबर:

घ्यायचं: हंबीरराव/**
वगळायचं: हंबीरराव/पिराजी/**

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग बुलेटचा आवाज आला आणि पाठोपाठ कृष्णात आला. खुर्ची ओढून अमरसिंहच्या खांद्याला खांदा लावून बसला आणि पडद्यावरच्या ओळी ओठ हलवत वाचू लागला. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्या चांदण्या कसल्या?"

"त्या आतल्या हायत," अमरसिंह म्हणाला. "प्रोग्रॅमच्या."

"सायबांच्या म्होरं दोन."

"व्हय."

"अन् पिराजीच्या म्होरं बी दोनच?"

अमरसिंहला आधी कळलंच नाही. मला कळलं, आणि मी ओढणी तोंडाला लावली.

"हे बघ अमरसिंह, तू त्यांचा पोरगा हाईस, मला समजतंय. पर साठी कुणाची हाय? सायबांना दोन अन् त्यांना बी दोन? असल्या बरोबरीनंच मागं वाद झाला."

"अवो कृष्णातभाऊ, त्या मानाच्या चांदण्या न्हाईत."

"मला शिकवतोस व्हय? फौजदाराच्या खांद्यावर दोन असत्यात, अन् त्याच्या हाताखालच्याच्या एक. का? उगंच?"

"पर ही ओळ बोर्डावर छापत न्हाईत!"

"आतलं बाहेर यायला किती येळ लागतोय? उद्या कुणी ह्या टीव्हीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला म्हंजे? सायबांनी मला इचारलं तर काय सांगू, दोघांचा दर्जा सारखाच हाय म्हणून? एक काढ."

अमरसिंहने माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम, आणि दुसरा कुठला नियम त्याला नाहीच. "क्रांते, एक काढली तर काय बिघडतंय का?"

मला स्वच्छ माहीत होतं काय बिघडतंय. एक चांदणी म्हणजे पोस्टमन. तो पिराजीच्या दारात उभा राहणार, समोर उघड्यावर पडलेले आबा बघणार, आणि तेवढेच वगळून परत येणार. आतल्या खोल्यांमध्ये बसलेली आबांची माणसं त्याच्या नजरेलाही पडणार नाहीत. ती सगळीच्या सगळी मामाचे शुभेच्छुक म्हणून बोर्डावर चढणार. लायब्ररीच्या मदतीच्या पानावर ही चूक करू नका असं बजावणारा परिच्छेद मीच लिहिलाय, ठळक अक्षरांत.

"काय बिघडायचंय त्यात?" मी म्हणाले. "काढ की."

का म्हणाले? एक तर कृष्णातने माझ्या प्रोग्रॅममध्ये नाक खुपसलं होतं. दुसरं म्हणजे माझ्या डोक्यात झरकन एक बेत आला. आबांची सगळी माणसं मामाच्या बोर्डावर गेली तर गट खलास. गटच उरला नाही तर माणूस रुसणार कुणाच्या जिवावर? आबा हात झाडत घरी येतील, शपथ वाऱ्यावर जाईल, आई भाऊबिजेला जाईल. माणसांचंही प्रोग्रॅमसारखंच असतं, एक ओळ बदलली की सगळं आपोआप पुढे सरकतं, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. इतकी शिकून मी इतकी येडी आहे.

अमरसिंहने एक चांदणी पुसली. कृष्णातचा जीव भांड्यात पडला. बोर्ड पडद्यावर आला तेव्हा कृष्णातने तीन गोष्टी तपासल्या: सायबांचं तोंड सगळ्यांत मोठं आहे का, आपलं तोंड पहिल्या ओळीत आहे का, आणि पिराजी कुठे दिसतोय का. पिराजी कुठेच नव्हता. "ओक्के हाय, छाप," असं म्हणून तो गेला. अमरसिंहला काही लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं तोंडं कापून कापून त्याला आता तोंडं दिसतच नाहीत, नुसत्या कडा दिसतात. चौथ्या ओळीत आबांचे पट्टशिष्य सर्जेराव फेटा बांधून हसत होते, आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते.

पाडव्याला संध्याकाळी बोर्ड चौकात चढला.

मला वाटलं होतं, आबांची माणसं चिडतील. निदान "आमचा फोटो कुणाला इचारून टाकला" म्हणत दुकानावर चालून येतील. एकही आला नाही. सर्जेराव, जे हंबीररावांना शिव्या देण्यात कट्ट्यावर पहिल्या नंबराचे, ते बोर्डाखाली उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं, आणि स्वतःच्या फोटोसह स्वतःचा फोटो काढून घेतला. प्रत्येकाला वाटलं, हंबीररावांनी आपल्यालाच खास आठवणीने घेतलं. मोठ्या माणसाने एवढं मन दाखवल्यावर आपण तरी किती ताणायचं? माणूस मनाने कुठे जायचं हे आधीच ठरवून बसलेला असतो, त्याला फक्त निमित्त लागतं. मी निमित्त छापून दिलं होतं, चांगलं रंगीत.

भाऊबिजेच्या सकाळी आबांचा फोन वाजायला लागला. एकाला शिरोळला पावण्यांकडे जायचं होतं. दुसऱ्याचा मेव्हणा हातकणंगल्याला गाडीतून उतरणार होता, त्याला आणायला जायचं होतं. सर्जेरावांचं पोट बिघडलं होतं. "जावा की, सणाचं हाय," आबा प्रत्येकाला म्हणाले. कट्ट्यावर आज कुणीच येणार नाही म्हटल्यावर दुपारी दूध आणायला म्हणून ते चौकात गेले. आणि तिथे शिरोळ, हातकणंगले आणि बिघडलेलं पोट, तिन्ही मामाच्या मांडवात पांढरी कापडं घालून जिलेबी खाताना त्यांना दिसली. वर बोर्डावरही तीच मंडळी.

आबा घरी आले ते दूध न घेताच. सोप्यातल्या खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. केला असता तर बरं झालं असतं.

"समदी हायत बोर्डावर," ते आईला म्हणाले. "आपली समदी. सर्जेराव बी. मी सोडून."

"पाणी देऊ?" आई म्हणाली.

त्यांनी मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. मला त्यांचा गट मोडायचा होता, त्यांना मोडायचं नव्हतं. मी पुढे होऊन सगळं सांगून टाकलं, चांदणी, पोस्टमन, कृष्णात, सगळं. "आबा, ती माणसं आपणहून गेली न्हाईत. मी घातली. माझ्यामुळं झालं हे."

"तू नगं सावरून घिऊ," आबा म्हणाले. "फोटूत हसत्यात बघ कशी. तुझ्या मिशनीनं हसवलं व्हय त्यास्नी?"

तेवढ्यात दुकानाच्या दारात बुलेट थांबली. पुढे कृष्णात, मागे मामा. साठीचा फेटा डोक्यावर, गळ्यात हार, आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. घरात पाय ठेवायचा नाही ही शपथ होती, म्हणून तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. आबा सोप्यातून हलायला तयार नव्हते. मधल्या दारात अमरसिंह आणि मी.

"अमऱ्या! कसला बोर्ड केलास रं ह्यो?"

"तुम्ही सांगितलासा तसाच की, मामा."

"सकाळपासनं जातोय-येतोय त्यो इचारतोय. हंबीरराव, सर्जेरावाला बी घेतलासा, मग दाजींवरच एवढा राग? बहिणीचा नवरा तेवढा वगळलासा? आरं, त्यातला एकबी घेतला नसता तर कुणाच्या ध्यानात बी आलं नसतं. आता समदा गाव बोर्डावर, अन् एक माणूस न्हाय, तर जो त्यो त्यालाच हुडकाय लागलाय! माझ्याकडं कुणी बघंनाच झालंय!"

कृष्णात छताकडे बघत होता. "मी आपली एकच चांदणी कमी केली," तो पुटपुटला.

मी परत सगळं सांगितलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यावर डोळे रोखले.

"म्हंजे हे असं हुणार, तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"अन् गप बसलीस?"

"व्हय."

"आयला, कुणावर गेलीया ही पोरगी?"

"मामावर!" सोप्यातून आबांचा आवाज आला.

दोन वर्षांत मामाच्या कानावर पडेल असा आबांनी उच्चारलेला हा पहिला शब्द. मामाचा फेटा किंचित हलला. पण त्याने आबांना उत्तर दिलं नाही, अमरसिंहला दिलं.

"अमऱ्या, तुझ्या बाला सांग, नवा बोर्ड काढतोय. आत्ताच्या आत्ता. त्यांचा फोटू टाक. पहिल्या वळीत."

"अमऱ्या," आतून आवाज, "त्यास्नी सांग, भीक नगं म्हणावं."

"माझ्या शेजारी टाक."

मग आबा म्हणाले, "केवढा?"

"माझ्यापरास बोटभर कमी."

"बोटभर कशापायी?"

"साठी माझी हाय म्हणून!"

"मग नगंच!"

अमरसिंह बिचारा एका हाताने माउस धरून आबांचं तोंड वाढवत होता, कमी करत होता. मी कपाळाला हात लावला. ज्यांच्यासाठी ओढूनताणून हा उपद्व्याप केला ते दोन म्हातारे परत त्याच जागी येऊन बसले होते, सुपारी की नारळ. आणि दिवस कलायला लागला होता.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन्ही हात पिठाचे. कुणाकडे न बघता ती सरळ संगणकाशी आली.

"क्रांते, मी हाय का गं ह्यात?"

"कशात, आई?"

"ह्या डबड्यात. समद्यांची तोंडं हायत न्हवं? माझं हाय का बघ की."

मी शोधलं. एकच फोल्डर नव्हे, अख्खा संगणक शोधायला लावला, दोन चांदण्या टाकून, शालन ह्या आईच्या नावाने. काही आलं नाही. अमरसिंहने दुसऱ्या नावाने ठेवला असेल म्हणून नाव काढून टाकलं आणि होते तेवढे सगळे फोटो पडद्यावर ओतले. खाली खाली सरकवत गेले. फेटेवाले, गॉगलवाले, मोबाइलवाले. शर्यतीचे दोन बैल. हार घातलेला एक जेसीबी. मामाचा टायगर नावाचा कुत्रा, तोही गॉगलमध्ये. आई नाही. मामी नाही. कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही, कुणाची बहीण नाही. मीसुद्धा नव्हते, आणि आजवर ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेजारची ताई घरभर फिरून, डब्यांची झाकणं उघडून आली, आणि तिला एकही बाईमाणूस सापडलं नाही. लायब्ररीचा दोष नव्हता. जी फाइल कुणी कधी ठेवलीच नाही, ती कितीही चांदण्या टाकल्या तरी येत नाही.

"न्हाय?" आईने विचारलं.

"न्हाय गं."

"कुत्रं हाय की."

"हाय."

"बरं," आई म्हणाली. मग ती मधल्या दारात गेली, जिथून दोघेही दिसतात, आणि आबांकडे वळली. "तुमचं तोंड बारकं आलं, म्हणून दोन वरसं माझं म्हायेर बंद. तुम्हाला वाईट वाटलं, खरं हाय. अन् तू रं दादा? ह्यांनी दार लावलं म्हणून तू बी लावलंस. बोटभर कमी, बोटभर जास्त." तिचा आवाज चढला नाही, पण मशीन चालू असताना बोलायची सवय असलेला अमरसिंहसुद्धा हातातला माउस ठेवून ऐकू लागला. "माझं तर तोंडच न्हाय. बारकं न्हाय, मोठ्ठं न्हाय, तिसऱ्या वळीत न्हाय. कवाच नव्हतं. मग मी कुणाकुणाची दारं बंद करू, सांगा की. सैपाकघरापासनं सुरवात करू का?"

मामाने फेटा काढून हातात घेतला. आबा आपल्या पायांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मला मात्र एक आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर हिरवं काठपदराचं लुगडं, हातात ओवाळणीचं ताट, आणि काखेत फराळाचा डबा. मामाने घाईने दुकानातलं प्लास्टिकचं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसला.

"ये शालन. हितंच ओवाळ."

"दुकानात कोण भाऊबीज करतंय? ऊठ. आईच्या देव्हाऱ्याम्होरं पाट मांडून बसायचं, नेहमीसारखं."

"अगं, पर शपथ..."

"तुम्ही दोघांनी घेतलीया. मी कुठं घेतली?"

मामा उठला. आईने डबा आबांच्या हातात दिला. "ह्यो धरा. करंज्या हायत, वाकडा धरू नगासा." आबांनी दोन्ही हातांनी सरळ धरला. मग खुर्चीवरून उठले, कारण डबा धरून बसून राहणं त्यांनाही विचित्र वाटलं असावं, आणि तिच्या मागोमाग दुकानातून पायरीपर्यंत आले. मामा आणि आबा समोरासमोर आले, दोघांनीही एकदमच रस्त्याकडे बघितलं. कृष्णातने बुलेटला किक मारायला पाय उचलला, तर आई म्हणाली, "गाडी ऱ्हाऊ दे. दोनच तर गल्ल्या हायत, चालत जातो मी."

एवढ्यात अमरसिंहला जाग आली. मोबाइल घेऊन तो धावला. "आई, थांब! तशीच उभी ऱ्हा, ताट घिऊन. एक फोटू काढतो. नव्या बोर्डावर मधोमध टाकतो तुला. मामापेक्षा बी मोठी!"

आई पायरी उतरून रस्त्यावर आली होती. तिने पदराने निरांजनाला वाऱ्याचा आडोसा केला आणि मागे वळूनही बघितलं नाही.

"उद्या काढ," ती म्हणाली. "आज मला येळ न्हाय. मी म्हायेरला चाललोय."